व्हॅनिटीतले पाणी

आमच्या खारघरला थंडी पडते असे म्हणणे ही थंडीची थट्टाच आहे. डिसेंबरात डोंगरावरून चार गार वारे खाली उतरले, की सेंट्रल पार्कात फिरायला येणारी मंडळी कानटोप्या काढतात. बेलपाड्यातील आमच्या चाळीत आई पहाटे पाणी भरताना "आज हात गारठले गं बाई" असे शेजारणीला सांगते. तेवढ्यावर आमचा हिवाळा संपतो. पाणी गोठते म्हणजे काय, हे आम्हां खारघरकरांना फ्रीजच्या वरच्या कप्प्याने शिकविले आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो तेव्हा आम्ही तो कौतुकाने पाहतो. निफाडकडे पारा फार घसरला, की द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात आणि ठिबक चालू ठेवतात, हेही ऐकलेले. पण गोठलेल्या पाण्यापायी एखाद्या माणसाचा पगार कापला जाऊ शकतो, हे मला २०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ठाऊक नव्हते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, व्हॅनिटी व्हॅन चालवितात. हे नाव ऐकले की कॉलेजातले मित्र डोळे विस्फारतात आणि लगेच कोणकोणत्या नट्या पाहिल्यास, असे विचारतात. व्हॅनिटी व्हॅन म्हणजे बसच्या चेसिसवर बांधलेले एक चालते घर. आत दोन किंवा तीन खोल्या, कोच, दिव्यांच्या माळेने वेढलेला आरसा, एअर कंडिशनर, आणि प्रत्येक खोलीला जोडून संडास व बेसिन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पूनम ढिल्लन या अभिनेत्रीने ही सोय आपल्या चित्रसृष्टीत आणली असे सांगतात. त्यापूर्वी मोठमोठ्या नट्याही झाडाच्या आडोशाला, साडीचा पडदा धरून कपडे बदलीत. परदेशात लोक अशा घरगाड्या घेऊन सहकुटुंब सहलीला जातात. आपल्या सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. आमच्यासारख्यांना मात्र असल्या घराशी संबंध आला तो ड्रायव्हरच्या दाराने.

या घराला घरासारखेच नळ असतात आणि नळांची सगळी दुखणीही असतात. अण्णांच्या गाडीत चारशे लिटरची पाण्याची टाकी आहे. टाकीतून एक छोटी मोटर पाणी ओढते, ते एका गाळणीतून जाते, मग एक फाटा गिझरला आणि दुसरा थेट बेसिन, फ्लश व जेट स्प्रेला. सांडपाण्याची आणि मैल्याची टाकी वेगळी. हे सगळे पाइप खोल्यांच्या जमिनीखालून, चेसिसच्या वरून, उघड्या वाऱ्यावर गेलेले. मुंबईच्या हवेत याचे कोणालाच काही वाटत नाही. गोरेगावच्या चित्रनगरीत पाइप गोठेल अशी चिंता करणाऱ्या माणसाला लोक वेड्यात काढतील.

त्या वर्षी भाऊबीज आटोपली आणि अण्णांना मनालीची पाळी आली. आठ दिवस मनाली, मग पाच दिवस रोहतांगच्या पलीकडे लाहौलात सिस्सू नावाच्या गावी. गाडीवरचा क्लीनर छठपूजेला गावी गेलेला. मालकांनी दुसरा माणूस द्यायला नकार दिला, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पाहिले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्या हातात पाना देताना त्यांना अवघडल्यासारखे झाले असावे. "पंधरा-वीस दिसांचा प्रश्न हाय. पुस्तकं घेऊन चल," एवढेच ते म्हणाले. आईने भाकऱ्या बांधून दिल्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी मालक कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर गाडी पाहायला आले. त्यांची दुसरी एक गाडी आदल्या हिवाळ्यात मनालीहून परत आली होती ती पाइप तडकून, आणि खालचे प्लायवुड कुजून. त्या ड्रायव्हरच्या पगारातून दोन महिने पैसे कापले गेले, हे आम्हांला ठाऊक होते. मालक जाता जाता म्हणाले, "पाण्याचं बघा. काही झालं तर जबाबदारी तुमची." अण्णांनी नुसती मान डोलावली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र माझी परीक्षेची फी आणि धाकटीचा दहावीचा क्लास उभा राहिला. अण्णांच्या पगारात फट पडली, की पहिली झळ कशाला लागते याचे गणित आमच्या घरात सर्वांना तोंडपाठ आहे.

आता थोडे भूगोलाविषयी, कारण मी त्या विषयाचा विद्यार्थी आहे. प्रथम वर्षाला सरांनी आम्हांला कायिक विदारण शिकविले होते. खडकाच्या भेगेत पाणी शिरते, रात्री गोठते, गोठताना फुगते आणि भेग रुंदावते. असे शेकडो वेळा झाले की कातळाचा तुकडा निखळतो. पाण्याची ही मोठी विक्षिप्त सवय आहे. इतर पदार्थ थंड होताना आकसत जातात. पाणी चार अंशांपर्यंत आकसते आणि मग उलटे फुगू लागते, आणि बर्फ होताना तर सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. अकरा तांबे पाण्याचा बारा तांबे बर्फ होतो असे समजा. तो बारावा तांबा ठेवायला बंद पाइपात जागा कुठून आणायची? मी पाच गुणांचे उत्तर आकृतीसह लिहून साडेतीन गुण मिळविले होते. उदाहरण म्हणून हिमालयच दिला होता. पण त्या उत्तरातला खडक काढून तेथे आमच्या गाडीचा पाइप ठेवावा, असे मला कधी सुचले नव्हते.

अण्णांना ते उत्तर न लिहिताच येत होते. व्हॅनिटीवर येण्यापूर्वी कळंबोलीच्या लोखंडबाजारातून माल घेऊन ते जम्मूपर्यंत आणि कधी पुढे काश्मीरपर्यंत ट्रक नेत. त्या काळी त्यांच्या जुन्या ट्रकच्या रेडिएटरमध्ये साधे पाणीच असे. रात्री मुक्काम पडला की पहिले काम म्हणजे रेडिएटरचा कॉक खोलून पाणी सोडणे, आणि सकाळी स्टोव्हवर तापविलेले पाणी भरून मग सेल्फ मारणे. विसरणाऱ्याचे इंजिन तडके. डिझेलसुद्धा दाटून मेणासारखे होई. मग टाकीखाली पेटता स्टोव्ह सरकवीत, आणि ते करताना सगळे जण देवाचे नाव घेत. इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसारख्या भागासाठी उणे तेहतीस अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल काढले, हे मी अण्णांना वाचून दाखविले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या वक्ताला असतं तर भुवया जळल्या नसत्या."

खारघरहून मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर. घोडबंदरवरून अहमदाबादच्या रस्त्याला लागलो, मग उदयपूर, जयपूर, दिल्ली, चंदीगड, मंडी, कुलू. या प्रवासावर वेगळा लेख होईल, म्हणून तो इथे सोडतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी मनालीत पोहोचलो. मोबाइलवर रात्रीचे तापमान तीन अंश दाखवीत होता. नोव्हेंबरचा आरंभ, बर्फाचा पत्ता नाही, बाजारात लोक आइस्क्रीम खात होते. युनिटच्या मॅनेजरने सांगितले, "इतनी जल्दी नहीं जमता." अण्णा गाडीखाली वाकले, चेसिसच्या लोखंडाला हात लावून पाहिला आणि मग वर आकाशाकडे पाहिले. एक ढग नव्हता. चांदण्या मुठीने फेकल्यासारख्या दिसत होत्या.

"आज सोडायचं," ते म्हणाले.

ते का, हे मला पुस्तकामुळे कळले आणि त्यांना अनुभवामुळे, एवढाच आमच्यांतला फरक. ढग म्हणजे जमिनीवरचे पांघरूण. ते नसले की दिवसाची उष्णता रात्री सरळ आकाशात निघून जाते. शिवाय उतारावरची गार झालेली जड हवा दरीच्या तळाशी येऊन साठते, आणि आमच्या गाड्या तर नदीकाठच्या सपाटीवरच लावलेल्या. मोबाइलवरचे तीन अंश हे गावाचे तीन अंश होते. घराखाली जमीन असते, ती थोडीबहुत ऊब देते. गाडीखाली वारा असतो. म्हणूनच पहाटे रस्त्याआधी पुलावर बर्फ धरतो. फसविणाऱ्या असतात त्या या अगोदरच्या रात्री. जानेवारीत सगळेच सावध असतात.

पाणी सोडणे म्हणजे टाकीचा कॉक उघडला आणि झाले, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात पहिल्या रात्री आम्हांला दीड तास लागला. आधी गिझरचा स्विच बंद, आणि त्यावर चिकटपट्टी. रिकाम्या गिझरची कॉइल कोणी चुकून चालू केली तर ती जळालीच म्हणून समजा. मग टाकी सोडली. ती रस्त्यावर नाही. शेजारच्या घरातली एक म्हातारी काठी टेकीत बाहेर आली होती. तिने पहाडी हिंदीत सांगितले, की रस्त्यावर पाणी सांडाल तर पहाटे काच होते आणि दूधवाला पडतो. मग आम्ही नळी लावून पाणी दूर सफरचंदाच्या बागेच्या कडेच्या चरात नेले. त्यानंतर सगळे नळ उघडले. गरम पाण्याचे आणि थंडचे, दोन्ही. जेट स्प्रे दाबून धरला, फ्लश ओढला. गिझरच्या खालचा नट सैल केला तेव्हा पंधरा लिटर कोमट पाणी माझ्या बाहीतून थेट काखेपर्यंत गेले. मोटर चालू करून दहा सेकंदांत बंद केली. कोरडी फिरविली तर तिचे रबर जाते. गाळणीचे काचेसारखे भांडे फिरवून काढले. "हे पयलं फुटतं," अण्णा म्हणाले.

मला वाटले, संपले. पण पाइप कुठे सरळ असतात? जिथे वाकण आहे, जिथे पाइप जरा खाली झुकला आहे, तिथे ओंजळभर पाणी राहतेच, आणि तडा जायला ओंजळ पुरते. इथे अण्णांनी जे केले ते मला फार आवडले. बसला हवेचे ब्रेक असतात. त्यांच्यासाठी चेसिसखाली हवेची टाकी असते. तिच्यात सुमारे आठ किलो दाबाची हवा भरलेली. टायरमध्ये हवा भरायची लांब नळी त्या टाकीला जोडून त्यांनी तिचे दुसरे टोक पाइपाच्या तोंडाशी धरले. मध्ये टायरचा गेज. खटका अर्धाच दाबायचा. दाब दोन-तीन किलोच्या वर नेला, तर बर्फाऐवजी आपणच पाइप फोडू. मी आत जाऊन सगळे नळ बंद केले आणि सर्वांत लांबचा एकच उघडला. आधी पाणी आले, मग पिचकाऱ्या, मग नळ म्हाताऱ्यासारखा खोकू लागला, आणि शेवटी नुसता कोरडा वारा. "आला का वारा?" अण्णा बाहेरून ओरडत. "आला!" की पुढचा नळ. अकराव्या नळाला आमचे आवाज ऐकून म्हातारी पुन्हा बाहेर आली.

राहता राहिले बेसिनखालचे आणि संडासातले वाकडे पाइप. तिथे पाणी मुद्दाम साठविलेले असते, नाहीतर टाकीचा वास खोलीत येईल. ते काढता येत नाही आणि ठेवले तर गोठते. यावर मालकांचा उपाय होता तो असा: रेडिएटरचा कूलंट आणा, टाकीत ओता आणि मोटरने सगळ्या पाइपांतून फिरवा, म्हणजे रोज रोज सोडायची कटकट नको. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून हिरव्या रंगाचा डबा आणलासुद्धा. अण्णा डबा हातात फिरवीत बसले. मग माझ्याकडे देऊन म्हणाले, "बघ रं, काय लिवलंय."

मित्रहो, मी इंग्रजीत हुशार नाही, हे आपल्या इंग्रजीच्या मॅडम जाणतात. पण डब्यावरची बारीक अक्षरे मी उन्हात धरून दोनदा वाचली. आत एथिलीन ग्लायकॉल होते, आणि गिळल्यास प्राणघातक असा इशारा होता. विज्ञान शाखेतल्या एका मित्राला फोन लावला. तो म्हणाला, ते चवीला गोड असते आणि मूत्रपिंडे निकामी करते. घरगाड्यांच्या पाइपांत परदेशी लोक घालतात ते निराळे, प्रॉपिलीन ग्लायकॉल. ते फारसे विषारी नाही, औषधांत आणि खाण्याच्या पदार्थांतही वापरतात. आम्ही विचारले त्या दुकानात ते नव्हते. ज्या टाकीच्या पाण्याने लोक चूळ भरणार, दात घासणार, मेकअपचे ब्रश धुणार, त्या टाकीत हा हिरवा डबा ओतायचा होता.

अण्णांनी मालकांना फोन केला. पलीकडून मोठा आवाज येत होता. अण्णा एवढेच म्हणाले, "साहेब, पोरानं वाचलंय. मी नाही वतणार. पाइपाची जबाबदारी माझी." फोन ठेवल्यावर त्यांनी तो डबा आमच्या गाडीच्या रेडिएटरसाठी म्हणून ड्रायव्हर सीटच्या मागे बांधून ठेवला. माझी पाठ थोपटली नाही, काही बोललेही नाहीत. पण संध्याकाळी चहा घेताना त्यांनी शेजारच्या ड्रायव्हरला सांगितलेले मी ऐकले: "कालेजात हाय. भूगोल."

परत आल्यावर मी ही हकीकत ग्रंथालयात आमच्या इतिहासाच्या सरांना सांगितली. त्यांनी मला १९८६ सालची गोष्ट सांगितली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ झाली होती आणि १४ रुग्ण दगावले. हे या एथिलीन ग्लायकॉलच्याच गोतावळ्यातले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग त्यावरच बसला होता. तो जुना मजकूर वाचीत असताना मला सारखा तो हिरवा डबा दिसत होता.

मग वाकड्या पाइपांचे काय केले? मीठ. अण्णांनी किराणा दुकानातून पाच किलो मीठ आणले. खारट पाणी उशिरा गोठते, हे खाडीकाठी राहणाऱ्याला सांगायला नको. पाण्यात विरघळेल तेवढे मीठ विरघळविले तर ते उणे एकवीस अंशांपर्यंत दम धरते. आम्हांला एवढ्याची गरज नव्हती. तांब्याभर पाण्यात दोन मुठी मीठ, आणि तो तांबा प्रत्येक बेसिनमध्ये व संडासात रात्री ओतायचा. मैल्याच्या टाकीतही दोन किलो. लोखंडाला मीठ खाते, म्हणून हा उपाय फक्त सांडपाण्याच्या प्लास्टिकच्या भागापुरता, आणि परतल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुऊन काढायचे.

रात्री आईचा फोन येई. तिला मी मोठ्या उत्साहाने हे सगळे सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला, "चारशे लिटर? रोज सोडता?" आमचे मूळ गाव माण तालुक्यात. आजीने १९७२ चा दुष्काळ काढलेला. आई लग्न होऊन आली तेव्हाही दोन कोसांवरून हंडे आणीत असे. खारघरला आल्यावर नळ मिळाला. पण हेटवण्याचे पाणी कधी येते कधी येत नाही, टँकरची वाट पाहणे सुटलेले नाही, आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत निम्मी भिंत ड्रमांनी अडविली आहे. भरून ठेवणे हाच तिचा जन्मभराचा शहाणपणा. पाणी वाचवायचे तर टाकी रिकामी करायची, हे तिला फोनवर पटविणे मला जमले नाही. तिच्या प्रश्नाचा परिणाम मात्र झाला. दुसऱ्या रात्रीपासून अण्णांनी संध्याकाळी टाकी शंभर लिटरच भरायला सुरुवात केली, आणि सोडण्याआधी तीन कॅन भरून आम्ही झोपायच्या केबिनमध्ये, माझ्या पायाशी घेतले. त्या तीन कॅनना मी रात्रभर पायांनी सांभाळले.

आठ दिवसांनी अटल बोगद्यातून पलीकडे गेलो. नऊ किलोमीटरचा हा बोगदा २०२० च्या ऑक्टोबरात खुला झाला. एका तोंडाशी देवदाराची झाडे, दुसऱ्या तोंडाशी उघडे तपकिरी डोंगर. सिस्सू चंद्रा नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर. तिथे थंडीबद्दल वाद घालायला कोणी शिल्लक नव्हते. ज्या घराशेजारी आम्ही गाडी लावली त्या घराचा अंगणातला नळ रात्रभर बारीक धारेने वाहत होता. मला ते पाहून राहवेना, मी उठून तो बंद करायला निघालो, तर अण्णांनी हात धरला. वाहते पाणी लवकर गोठत नाही, आणि समजा पाइपात बर्फाचा बोळा बसलाच, तरी त्याच्यापुढचे पाणी उघड्या नळातून निसटते. पाइप फुटतो तो बहुधा बर्फ आहे तिथे नव्हे, तर बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या रेट्याने. हे मला कळले तेव्हा माझे साडेतीन गुणांचे उत्तर मला अपुरे वाटू लागले.

सकाळी मात्र सगळी घाई माझ्यावर. साडेचारला उठायचे. भरायची नळी आदल्या रात्री झटकून, गुंडाळून केबिनमध्येच ठेवलेली असे. बाहेर राहिली तर तिची काठी होते. नट काढलेले परत बसवायचे, गाळणी लावायची, कॅनचे पाणी ओतायचे, युनिटच्या टँकरमधून उरलेले भरायचे, सगळ्या नळांतून हवा निघून पाणी आल्यावरच गिझर सुरू करायचा. साडेपाचला मेकअपची माणसे येत, आणि पाणी अजून कोमटच आहे म्हणून तक्रार करीत. माझी बोटे त्या वेळी बधिर झालेली असत. ज्या बाईंसाठी ती गाडी होती त्यांना आत पाणी कसे येते याची कल्पना नसावी. ती असायची गरजही नाही म्हणा. तिकीट काढून सिनेमा पाहताना मी तरी कुठे गाडीचा विचार केला होता?

तिसऱ्या सकाळी शेजारच्या गाडीचा प्रकार झाला. ती चंदीगडकडची गाडी, दुसऱ्या युनिटची. ड्रायव्हर लुधियानाकडचे एक वयस्क सरदारजी. त्यांना रात्री दोनपर्यंत जनरेटर चालवायला सांगितले होते, गिझर चालू, आत हीटर चालू, म्हणून पाणी सोडायला वेळच मिळाला नाही. दोनला जनरेटर बंद झाला. सकाळी त्यांच्या नळांना पाणी नव्हते, एवढेच. पाइप फुटल्याची काही खूण नाही. कारण फुटलेल्या पाइपाला बर्फच बूच मारून बसलेला असतो. अकराच्या सुमारास ऊन वर आले आणि गाडीच्या पोटातून टपटप सुरू झाली. मग धार. गाळणीचे भांडे दोन तुकडे, एक एल्बो उभा चिरलेला.

सरदारजी काही न बोलता पायरीवर बसले. त्यांचाही पगार कुठेतरी कोणाच्या तरी हातात होता. अण्णांनी आपली पेटी काढली. चिरलेला एल्बो कापून नवा घालायचा, गाळणी तात्पुरती वगळून सरळ पाइप जोडायचा. सामान होते, पण पाइप चिकटवायचे सोल्युशन त्या थंडीत घट्टच होईना. बोट लावले तर चिकट ते चिकटच. अण्णांनी मला आमच्या गाडीतून केस सुकवायचे यंत्र आणायला पिटाळले. हेअर ड्रेसर बाईंनी आधी संशयाने पाहिले, मग स्वतःच वायर घेऊन आल्या. गाडीखाली सरदारजी आणि अण्णा पाठीवर झोपलेले, आणि त्या बाई खाली वाकून एखाद्या नटीचे केस सुकवावे तशा तो एल्बो सुकवीत होत्या. वीस मिनिटांत जोड धरला. दुपारी त्या गाडीत पाणी आले. सरदारजींनी रात्री आम्हांला राजमा खाऊ घातला आणि हवेच्या टाकीची युक्ती दोनदा समजावून घेतली.

आमच्या गाडीचा एकही जोड गेला नाही. खारघरला परतल्यावर मालकांनी माणूस पाठवून गाडी खालून तपासून घेतली, प्लायवुडला टोचून पाहिले आणि पगार पूर्ण दिला. कूलंटच्या फोनचा विषय कोणी काढला नाही. माझी परीक्षेची फी मुदतीत भरली गेली.

डिसेंबरात मालकांनी अण्णांना सांगितले, की उरलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांनाही हे दाखवा. अण्णा म्हणाले, "दाखवतो, पन विसरत्यात." मग एका रविवारी आम्ही दोघे खोलीत बसलो. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो, एका बाजूला मराठीत आणि मागे हिंदीत. मी "जलवाहिनी" लिहिले होते ते त्यांनी खोडायला लावून "पाइप" करविले. हवेच्या दाबापुढे "दोन ते तीन किलो" असे आकड्यांत आणि अक्षरांतही लिहविले. रेडिएटरचा कूलंट पिण्याच्या टाकीत कधीही ओतू नये, हे वाक्य मी घातले. त्याखाली कारण लिही म्हणाले, तेव्हा "विष आहे" असे लिहिले. आई ड्रमावरचे झाकण पुसता पुसता ऐकत होती. ती म्हणाली, "सोडायच्या आधी तीन कॅन भरून ठेवा, तेही लिही." ते सातव्या ओळीत आले. सगळे झाल्यावर अण्णांनी कागद हातात घेऊन लांबून पाहिला आणि गिझरच्या स्विचची ओळ सगळ्यांत वर, लाल पेनाने लिहायला सांगितली. मी कागद पुन्हा उतरवून काढला. उत्सव चौकातल्या दुकानात त्याच्या चार प्रती काढून त्यांना प्लास्टिक चढविले. आता प्रत्येक गाडीत मोटरच्या कप्प्याच्या दाराला आतून एकेक चिकटविलेली आहे. जानेवारीत त्यांतली एक गाडी गुलमर्गला गेली.